रेडिएटर गार्ड: आधी कणीक लावून बघा, मग बोल्ट आवळा

आंबा गाव मागे टाकून बाइकवरून साखरप्याकडे घाट उतरत होतो. पुढे खडीचा डंपर. ओव्हरटेक करायला जागा नव्हती आणि अंतर ठेवायची अक्कल त्या दिवशी मला नव्हती. कुठेतरी ‘टक्’ असा आवाज झाला, तो मी सोडून दिला. साखरप्यात चहाला थांबलो तेव्हा गाडीखाली हिरवट थारोळं होतं आणि गरम इंजिनाला गोडसर वास येत होता. इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरला मुगाच्या दाण्याहून लहान भोक पडलं होतं. गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला परत आणली.

नवा रेडिएटर बसवला त्याच आठवड्यात ऑनलाइन एक गार्ड, म्हणजे रेडिएटरपुढे लावायची धातूची जाळी, मागवला. मध्यभागी मोठ्ठा लोगो कापलेला, काळाभोर, देखणा. पुढच्या मे महिन्यात सिग्नलला रेडिएटरचा पंखा थांबेचना. आधी गार्ड नव्हता म्हणून पस्तावलो होतो, आता गार्ड होता म्हणून पस्तावलो. त्यानंतर स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांवर मिळून बरेच गार्ड बसवले, काही काढूनही टाकले. त्यातून समजलेलं सगळं इथे क्रमाने लिहितो.

तुमच्या गाडीला तो लागतो का?

स्प्लेंडरसारख्या हवेवर थंड होणाऱ्या गाडीला रेडिएटरच नसतो, त्यामुळे तिथे विषय संपला. आपल्याकडे २००८ मध्ये यामाहाची आर१५ आली आणि लिक्विड कूलिंग, म्हणजे द्रव फिरवून इंजिन थंड करणं, कॉलेजच्या पार्किंगमध्ये पोचलं. नंतर ड्यूक, पल्सर एनएस२००, डॉमिनार ४००, हिमालयन ४५० अशा गाड्यांनी ते नेहमीचं करून टाकलं. या सगळ्यांत रेडिएटर पुढच्या चाकाच्या मागे, बरोबर दगड उडतात त्या रेषेत असतो.

मधली एक जात आहे: ऑइल कूलरवाल्या गाड्या. पल्सर २२०, जुनी ४११ सीसीची हिमालयन, इंटरसेप्टर ६५०. दिसायला तो छोटा रेडिएटरच, पण आतून कुलंटऐवजी (म्हणजे रेडिएटरमधल्या थंड करणाऱ्या द्रवाऐवजी) इंजिन ऑइल फिरतं. तिथे भोक पडलं तर गाडी तापणं ही दुय्यम गोष्ट. ऑइल उडून मागच्या टायरवर गेलं की वळणावर गाडी पायाखालून निसटते. घाटात फिरणाऱ्या ऑइल कूलरवाल्यांनी तर गार्डचा विचार जास्तच गांभीर्याने करावा. निवडीचे आणि बसवण्याचे नियम दोन्हींना तेच.

रोज पिंपरी ते हिंजवडी एवढंच जात असाल तर? मी गार्डऐवजी आधी मडगार्ड एक्स्टेंडर लावायला सांगेन. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला जोडायची ती प्लास्टिकची पट्टी. तुमच्याच चाकाने उडवलेली बरीचशी खडी आणि चिखल ती अडवते, आणि हवा थोडीही रोखत नाही. समोरच्या गाडीने उडवलेला दगड मात्र ती अडवू शकत नाही, गार्ड लागतो तो त्यासाठी. मुंबई-गोवा महामार्गावर कामं चालू असलेल्या पट्ट्यांतून, खाणीच्या किंवा क्रशरच्या रस्त्याने, किंवा कच्च्या वाटेने ग्रुपमध्ये मागे राहून जाणाऱ्याला दोन्ही हवेत.

रेडिएटरला नेमकं काय होतं

टॉर्च घेऊन रेडिएटरकडे जवळून बघा. आडव्या चपट्या नळ्या दिसतील, आणि त्यांच्या मधल्या जागेत नागमोडी घडी घातलेला, कागदासारखा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. नळ्यांतून कुलंट जातं. पत्र्याच्या त्या घड्या म्हणजे फिन्स. नळीतली उष्णता त्या घेतात आणि वाऱ्याला देतात.

छोटी खडी बसली की फिन आडव्या होतात. गळती होत नाही, पण तेवढ्या भागातून हवा जात नाही. टोकदार दगड नळीवर बसला तरच भोक पडतं. म्हणजे रेडिएटरचं मरण दोन प्रकारचं: एक झटक्यात, दुसरं हळूहळू. दुसरं कोणाच्या लक्षात येत नाही. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशर जेट जवळून मारला तरी फिन तशाच झोपतात, त्यासाठी दगड लागत नाही. गार्डने झटक्याचं मरण टळतं, पण चुकीचा गार्ड हळूहळूचं मरण पहिल्याच दिवशी विकत आणतो.

गार्ड निवडताना

पहिला प्रश्न: त्यातून हवा किती जाते? विक्रेता ‘एअरफ्लोवर काहीही परिणाम नाही’ असं सांगतो. तुम्ही पट्टी घेऊन मोजा. षटकोनी, मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीचा हिशेब सोपा आहे. भोकाची समोरासमोरची रुंदी मोजा. दोन भोकांमधल्या पट्टीची जाडी मोजा. रुंदीला (रुंदी + पट्टी) ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा.

भोक ८ मिमी, पट्टी दीड मिमी: ८ भागिले ९.५ म्हणजे ०.८४, वर्ग ०.७१. म्हणजे ७१ टक्के मोकळं. आता भोक ५ मिमी आणि पट्टी अडीच मिमी: ५ भागिले ७.५ म्हणजे ०.६७, वर्ग ०.४४. अर्ध्याहून जास्त तोंड बंद! फोटोत दोन्ही जाळ्या सारख्याच दिसतात. गोल भोकांच्या पत्र्याची गत याहून वाईट. भोकं ५ मिमीची आणि एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिमी अंतर असेल, तर तिरप्या ओळींत दाटीने भोकं पाडूनही मोकळी जागा ३५ टक्क्यांच्या आसपासच राहते. माझा पहिला गार्ड साधारण याच जातीचा, वर लोगोची सलग पट्टी.

६५ टक्क्यांच्या खालचा गार्ड मी घेत नाही. ही माझी मर्यादा आहे, कुठल्या नियमातली नाही. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्याने ती ७० वर न्यावी, महाबळेश्वरच्या माणसाने थोडी सैल केली तरी चालेल. लोगो किंवा गाडीचं नाव जाळीच्या मधोमध असेल तर सरळ पुढचा गार्ड बघा. नाव टाकीवर आहेच की.

इथे एक शंका हमखास येते: मग मच्छरजाळीच का लावू नये? तिची मोकळी जागा कागदावर चांगली भरते, पण भोकं एवढी बारीक की पहिल्याच पावसात चिखलाने लिंपून निघते. भोक ६ ते १० मिमीचं असलं की चिखल बऱ्यापैकी पुढे जातो आणि घातक दगड अडतो. बारीक वाळू आत जाणारच, तिने फारसं बिघडत नाही.

दुसरी गोष्ट: गार्ड आणि फिन्समधलं अंतर. माझ्या मते मोकळ्या जागेइतकीच महत्त्वाची, आणि जाहिरातीत कुठेच न लिहिलेली. जाळी फिन्सला टेकली तर दगडाचा मार सरळ फिनवर जातो. त्याहून वाईट म्हणजे गाडीच्या थरथरीने जाळी नळीवर घासत राहते आणि संरक्षण करणारी वस्तूच सहा महिन्यांत भोक पाडते. निदान ५ मिमी अंतर हवं. मोठ्या पसरट गार्डचा मधला भाग दाबला की वाकतो, म्हणून मधे दाबून बघूनच ठरवा.

धातूबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियम हलकं आणि गंजत नाही, पण मोठ्या दगडाने वाकतं. स्टेनलेस स्टील दणकट, म्हणून त्याची पट्टी बारीक ठेवता येते आणि भोक मोठं. अडचण एकच: स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून खाऱ्या हवेत ओले राहिले की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजतं. रत्नागिरी, मालवण, अलिबाग किंवा गोव्याकडचे लोक हे ओळखतील. तिथे स्टीलचा गार्ड घेतला तर जिथे तो रेडिएटरला टेकतो तिथे रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर हवाच. साध्या लोखंडी पत्र्यावर काळा रंग मारलेला गार्ड स्वस्तात मिळतो. त्याला चुंबक लावून बघा. चुंबक घट्ट चिकटला तर दोन पावसाळ्यांत तो तांबडा होणार हे धरून चाला.

तिसरी गोष्ट जोडणी. सगळ्यात चांगला गार्ड गाडीच्या स्वतःच्या रेडिएटर बोल्टवर बसतो. काही गार्ड हुकसारखे आकडे घालून रेडिएटरच्या कडेवर अडकतात, तेही चालतात, फक्त आकड्याखाली रबर हवं. ‘युनिव्हर्सल’ म्हणून मिळणारा आणि फिन्समधून केबल टाय ओवून बांधायचा प्रकार फुकट मिळाला तरी लावू नका. आपल्याच हाताने फिन्स फोडायच्या आणि त्यांनाच गार्डचं वजन धरायला लावायचं, असला तो व्यवहार. गाडीचं मॉडेल सांगताना वर्षही सांगा. एकाच नावाच्या गाडीचा रेडिएटर नव्या पिढीत बदललेला असतो.

बसवण्याआधी

इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे गाडी निदान दोन तास उभी असावी. एकदा का होईना कोणीतरी गरम रेडिएटरचं झाकण उघडतं, म्हणून सांगतो: झाकण कुलंटला दाबाखाली ठेवतं. अर्धं पाणी-अर्धं ग्लायकॉल असलेलं कुलंट १.१ बारच्या झाकणाखाली सव्वाशे अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि तेच कुलंट क्षणात उसळून चेहऱ्यावर येतं. गार्ड बसवायला झाकण उघडायची किंवा कुलंट काढायची गरज सहसा नसतेच.

हत्यारं फार नाहीत. ४, ५, ६ च्या एलन की, ८ आणि १० चा सॉकेट, मास्किंग टेप, बारीक कानस, निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्राव). केटीएमवाल्यांनी चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बिटही जवळ ठेवावेत. काढलेले बोल्ट ठेवायला डब्याचं झाकण. आणि घरातून लिंबाएवढी भिजवलेली कणीक. ती का, ते पुढे येईल.

आधी जुन्या रेडिएटरची तब्येत बघा. कुठे हिरवी, गुलाबी किंवा निळी वाळलेली पूड दिसली तर तिथे बारीक गळती आहे. ती तशीच ठेवून वर गार्ड झाकू नका. झोपलेल्या फिन्स प्लास्टिकच्या टोकदार पट्टीने हलकेच उभ्या करा. नळीला हात लावू नका, आणि दहापैकी दोन फिन तुटल्या तर तुटू द्या. अडकलेले किडे, पाकोळ्या काढण्यासाठी ओला कागद दहा मिनिटं चिकटवून ठेवा, मग मऊ ब्रश.

फोटो काढून ठेवा. हॉर्नची वायर कुठून गेली, पंख्याची वायर कुठे क्लिपमध्ये आहे, हे उद्या आठवत नाही.

बसवताना

गार्डच्या कडांवरून बोट फिरवा. धार लागली तर कानस मारा. धारदार कडा वायरचं आवरण आणि कुलंटचा पाइप दोन्ही कापते.

मग बोल्ट न लावता गार्ड नुसता जागेवर धरा. प्रत्येक भोक समोरच्या बोल्टच्या भोकासमोर आपसूक आलं पाहिजे. एखादं २-३ मिमी बाजूला असेल तर गार्डचं भोक कानसने लांबट करा. बोल्टने खेचून जुळवू नका. गार्ड कायम ताणात राहतो आणि रेडिएटरचे कान, म्हणजे बोल्ट जातो ते बाहेर आलेले तुकडे, तडकतात. रेडिएटर फ्रेमला घट्ट जखडलेला नसतो. तो रबराच्या बुशवर तरंगत असतो, थरथर नळ्यांपर्यंत पोचू नये म्हणून. त्या रबराच्या आत धातूची छोटी नळी असते, कॉलर. बोल्ट आवळला की दाब कॉलरवर येतो, रबर मोकळं राहतं. गार्ड बसवताना लोक ही कॉलर हमखास हरवतात किंवा चुकीच्या बाजूने घालतात, मग रबर चेपून रेडिएटर फ्रेमला टेकतो. रबर, कॉलर, वॉशर कोणत्या क्रमाने निघाले ते झाकणात त्याच क्रमाने मांडून ठेवा.

एका वेळी एकच बोल्ट काढा. सगळे काढले तर रेडिएटर पाइपांवर लोंबतो.

गार्डच्या पत्र्याची जाडी दीड-दोन मिमी, सोबत वॉशर. म्हणजे जुना बोल्ट आता तेवढा कमी आत जाणार. ॲल्युमिनियमच्या आट्यांत एम६, म्हणजे ६ मिमी व्यासाचा, बोल्ट निदान ९ मिमी पकडला पाहिजे. कमी भरत असेल तर जुन्यापेक्षा ५ मिमीने लांब बोल्ट घ्या, पण त्याहून लांब नको. मागून बाहेर आलेला बोल्ट पंख्याच्या पात्याला किंवा रेडिएटरच्या टाकीला लागतो. तो हाताने शेवटपर्यंत फिरवून, मागून टॉर्च मारून बघा.

आटे हाताने धरवा. पहिले तीन-चार वेढे पान्याशिवाय जात नसतील तर बोल्ट तिरका आहे, काढून पुन्हा लावा. सगळे बोल्ट सैल लागले, गार्ड मधोमध आला, की मगच समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. एम६ ला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तो प्रमाण. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नसेल तर एलन कीची छोटी बाजू हातात धरून आवळा, लांब बाजूने जोर लावू नका. थ्रेडलॉकचा एक थेंब पुरे. लाल रंगाचं घेऊ नका, ते पुढे गरम केल्याशिवाय सुटत नाही.

गार्ड आणि रेडिएटरच्या मधे स्पंजची पट्टी चिकटवायचा मोह आवरा. स्पंज पाणी आणि मीठ धरून ठेवतो. रबर वापरा.

आता कणीक

बोल्ट शेवटचे आवळण्याआधी कणकेच्या चार-पाच छोट्या गोळ्या गार्डच्या आतल्या बाजूला, मधे आणि कोपऱ्यांत, लावा. गार्ड जागेवर बसवा, मधोमध अंगठ्याने दाबा, काढा. चेपलेल्या गोळीची जाडी म्हणजे तिथलं खरं अंतर. कुठे ५ मिमीपेक्षा कमी भरली तर त्या कोपऱ्यात एक वॉशर वाढवा.

दुसरी परीक्षा पुढच्या चाकाची. ब्रेक दाबला किंवा खड्डा आला की शॉकअप दबतात आणि चाक वर येतानाच मागे, रेडिएटरकडे येतं. स्टँडवर उभ्या गाडीत चार बोटं जागा दिसते, पूर्ण दबल्यावर तिथे एक बोटही उरत नसेल. हिमालयन ४५० सारख्या गाडीत पुढचं चाक २०० मिमी हलतं, म्हणजे उभ्या गाडीकडे बघून काहीच कळत नाही. गार्डच्या चाकाकडच्या, सर्वात जवळच्या बिंदूवर कणकेची सुपारीएवढी गोळी चिकटवा. एका शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर केबल टाय हलका बांधून खाली सरकवा. मोकळ्या रस्त्यावर सावकाश दोन-तीनदा जोरात ब्रेक मारा, एक-दोन गतिरोधक घ्या. टाय किती वर सरकला त्यावरून शॉकअप किती दबला ते कळेल. गोळी चेपली किंवा तिच्यावर टायरची नक्षी उठली तर तो गार्ड तुमच्या गाडीचा नाही. मित्राच्या गाडीत ती नक्षी इतकी स्पष्ट उठली होती की टायरची कंपनी सांगता आली असती.

हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवा. ब्रेकचा पाइप, क्लचची केबल, हॉर्न, काही गार्डला अडतंय का बघा. आणि कणीक काढायला विसरू नका, पार्किंगमधले उंदीर आधी ती खातात आणि मग वायरींकडे वळतात.

तापते का, हे कसं ठरवायचं

हे काम गार्ड बसवण्याच्या आदल्या दिवशी सुरू होतं. नेहमीचा रस्ता धरा. मी कात्रज घाट चढून परत येतो आणि मधले दोन लांब सिग्नल धरतो. डॅशवर अंश दिसत असतील तर ते, नुसत्या कांड्या दिसत असतील तर कांड्या लिहून ठेवा. सिग्नलला पंखा किती वेळाने सुरू झाला आणि किती वेळ चालला तेही मोबाइलवर मोजा. दुसऱ्या दिवशी गार्ड लावून तोच रस्ता, तीच वेळ.

वेगात असताना फरक जवळजवळ दिसत नाही, वारा भरपूर असतो. फरक दिसतो सिग्नलला आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चढाला, जिथे सगळी भिस्त पंख्यावर असते. बऱ्याच गाड्यांत पंखा शंभर अंशांच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे पंखा लागला म्हणून घाबरू नका. तो थोडा जास्त वेळ चालला तरी ठीक. पंखा चालू असूनही आकडा चढतच राहिला, किंवा एक कांडी कायमची वाढली, तर गार्ड काढून हिशेब पुन्हा करा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर बोल्ट एकदा तपासा. आवळायची गरज सहसा लागत नाही, पण सैल झालेला गार्ड चाकात गेला तर काय होईल याची कल्पना करा आणि पाच मिनिटं द्या. कुलंटच्या टाकीतली पातळी दोन रेघांच्या मधे आहे ना, तेही त्याच वेळी बघा.

पावसाळा

कोकणातला तांबडा चिखल जाळीत बसला आणि वर ऊन पडलं की विटेसारखा होतो. पुढून पाणी मारलं तर तो फिन्समध्ये आणखी आत जातो. थंड गाडीवर, साध्या बागेच्या पाइपने, जमेल तेवढं मागून म्हणजे इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी सोडा. वॉशिंग सेंटरला गेलात तर समोर उभं राहून सांगा की रेडिएटरला जेट नको. नाही सांगितलं तर तो मारणारच, त्याचा त्यात दोष नाही. वर्षातून एकदा, गणपतीनंतर पाऊस ओसरला की, मी गार्ड पूर्ण काढून मागची माती धुतो. कडेच्या पानगळीचा एवढा गोळा निघतो की गाडी चालत कशी होती याचं नवल वाटावं.

आणि गार्ड असूनही भोक पडलंच तर: गाडी लगेच बंद करा, अर्धा तास थंड होऊ द्या. फुटलेल्या नळीच्या दोन्ही बाजूंच्या फिन्स पकडीने बाजूला करा, नळीचं तोंड चेपून घडी घाला, वर एम-सीलसारखी पुट्टी दाबा आणि ती कडक होईपर्यंत थांबा. साधं पाणी भरून, दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबत जवळचं गाव गाठता येतं. सांडलेलं कुलंट पाणी ओतून धुऊन टाका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. माझ्या सीटखाली पुट्टीची छोटी पुडी आणि अर्धा लिटरची पाण्याची बाटली साखरप्यापासून आजतागायत आहे.